वाफ्यासाठी दरख्वास्त

मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला माझे थोरले काका भेटले नसावेत. काका जाऊन आता किती वर्षं झाली, त्यांच्या नातवंडांना नातवंडं झाली, तरी त्यांचं नाव निघालं की माझ्या कपाळाची शीर ताठ होते. सून म्हणते, आई, सोडा आता, बीपी वाढेल. वाढू दे. गोळी घेईन. पण हे एकदा लिहून ठेवायचं आहे, कारण घरातल्या पोरांना भिंतीवरचा फोटो दाखवून सांगितलं जातं की हे बघा, आपले मुन्शीआजोबा, केवढे विद्वान, केवढे दयाळू, विधवा भावजयीला आणि तिच्या पोरीला पदरी ठेवून घेतलं. ठेवून घेतलं हे खरं आहे. कसं ठेवलं ते मी सांगते.

काका अर्जीनवीस होते. तेव्हा राज्य निजामाचं. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत आणि भांडणं तेवढी मराठीत. सरकारदरबारी काहीही मागायचं तर दरख्वास्त द्यावी लागे, आणि ती ज्याला त्याला थोडीच लिहिता येणार? म्हणून कचेरीच्या बाहेर लिंबाखाली हे अर्जीनवीस लाकडी उतरत्या पेट्या मांडीवर घेऊन ओळीनं बसत. करमाडचा पाटील असो नाहीतर अजिंठ्याकडचा कुणी बागवान, काका त्याचं गाऱ्हाणं अर्धंच ऐकत, हात वर करून त्याला गप्प करत आणि बोरू शाईत बुडवत. अर्धं ऐकलं की पुरे, कारण सगळ्या दरख्वास्ती आतून सारख्याच असतात असं त्यांचं म्हणणं. कागद उभा दुमडायचा, अर्ध्या भागात लिहायचं आणि अर्धा कोरा सोडायचा, तिथं हाकिम आपला हुकूम लिहिणार. वरती हाकिमाला आभाळाएवढा मोठा करायचा, खाली स्वतःला मुंगी करायचं, आणि मध्ये काय हवं ते दोन ओळींत मागायचं. शंभर बैलांचा जमीनदार आला तरी काका त्याला कागदावर भिकेला लावत. तो बिचारा अंगठा उठवून, पैसे मोजून, खुशीत घरी जाई.

आमचं घर बेगमपुऱ्यात होतं. घरामागून नहरीचं पाणी खापरी नळातून जायचं, त्याचा बुडबुड आवाज दिवसभर ऐकू यायचा. त्याच्यावर माय दळायला बसली की जात्याची घरघर. माझे वडील मी रांगत असताना तापानं गेले, तेव्हापासून मी आणि माय काकांच्या घरी. जातं मायचं, चूल मायची, धुणं मायचं. जेवणाची पाळी मात्र ठरलेली होती. आधी काका, मग त्यांचे दोघे मुलगे, मग काकू, आणि काकूचा हात धुऊन झाला की मी आणि माय. अंबाडीची भाजी असायची, येसरची आमटी असायची, लसणाची फोडणी दिलेलं वरण असायचं. सगळ्याचा वास आम्हाला मिळायचा. तो काही काकूला मोजून ठेवता येत नव्हता. आमच्या वाट्याला आमटीचं पातेलं पुसून घ्यायचं, तव्यावर करपलेली एखादी भाकर आणि तेल-तिखट. कधी भाकरी पुरल्या नाहीत तर माय म्हणायची, मला आज भूकच नाय, खा तू. मला ते खरं वाटायचं, इतकी मी लहान होते. नंतर खरं वाटेनासं झालं तेव्हाही मी खातच होते, कारण पोटात आग पडलेली असे.

शाळेत मला घातलं ते काकांनी नव्हे. वडलांची तशी इच्छा होती आणि मरताना त्यांनी ती चार माणसांत बोलून दाखवली होती, म्हणून काकांचा नाइलाज होता. मुलींची सरकारी शाळा आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. पण हे घडलं त्या वर्षी काकांनी सांगून टाकलं की एवढी परीक्षा झाली की बास. पोरीच्या जातीला किती शिकवायचं? घरात हात कमी पडतात. काकूनं तर माझ्यासाठी कामंही वाटून ठेवली होती, गौऱ्या माझ्याकडं, भांडी माझ्याकडं. माय ऐकून खाली मान घालून पीठ मळत राहिली. मी दाराच्या चौकटीला डोकं आपटून रडले, तर काकूनं चौकटीला तेल लावायला सांगितलं.

आमच्या शाळेच्या सदर मुअल्लिमा म्हणजे बड्या बाई, त्यांना आम्ही उस्तानीमाँ म्हणायचो. लोक शिक्षकांच्या आठवणी लिहिताना प्रेमळ, मायाळू असं काहीबाही लिहितात. ही बाई मायाळू नव्हती. उंच, सुकलेली, तोंडात सदा पान, आणि बोलली की समोरच्याचं पाणी पाणी. मी तिला कधी हसताना पाहिलं नाही. त्या हिवाळ्यात तिनं शाळेच्या मागची उकिरड्याची जागा साफ करून घेतली आणि सांगितलं की इथं बगीचा होणार. मुलींनी स्वतः खणायचं, पेरायचं, हौदातून पाणी घालायचं. ज्या मुलीला यायचं असेल तिनं आपल्या हातानं रीतसर दरख्वास्त लिहून आणावी, तोंडी मागणाऱ्यांना वाफा मिळणार नाही. आणि ज्यांना वाफा मिळेल त्यांना तो पुढच्या सालीही सांभाळावा लागेल, अर्ध्यात सोडून गेलेलं चालणार नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथंच बसलं. वाफा मिळाला तर पुढचं साल मिळत होतं. शिवाय त्या घरात माझं म्हणावं असं एक फडकंसुद्धा नव्हतं, आणि इथं कुणी मला जमिनीचा तुकडा देऊ करत होतं.

घरी मी विषय काढला तेव्हा काकू म्हणाली, खणायची एवढी हौस असंल तर परसातली घाण उपस. काका ढेकर देऊन उठले. मग मी गुपचूप माझी मीच लिहायला बसले. दुपारी काका घरी नसताना जुन्या कागदाच्या पाठीवर, मला येत होती तशी साधी उर्दू: मला बगीच्यात काम करायचं आहे, मी रोज पाणी घालीन. एवढंच. ते संपेपर्यंत काका दारात उभे. त्यांनी कागद उचलला, वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले. बगीच्याला त्यांचा विरोध होता तो त्या क्षणी बाजूला पडला. मुन्शीच्या घरातून असली गावठी अर्जी सरकारी शाळेत जाणार? उद्या ती बाई म्हणेल, याच्या घरच्या पोरीला अल्काबसुद्धा ठाऊक नाय. अल्काब म्हणजे मायना, सुरुवातीचा तो सगळा मान-मरातब. त्यांनी माझा कागद चुलीत टाकला, नवा पांढरा कागद काढला, तो उभा दुमडला आणि बोरू माझ्या हातात दिला. ते सांगणार, मी लिहिणार. अक्षर माझं पाहिजे होतं ना उस्तानीमाँला, अक्षर माझं राहील.

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. आवाज एकदम बदलला. आधी उस्तानीमाँच्या इकबालाची, म्हणजे भरभराटीची, दुआ. मग मी, म्हणजे फिदविया, चरणांची दासी. "फिदविया एक यतीम, बेकस और बेबस लड़की है, नान-ए-शबीना को मोहताज, और सिवाय सरकार की ज़ात के इसका कोई पुरसान-ए-हाल नहीं." यतीम म्हणजे अनाथ, ते मला माहीत होतं. बाकीचे शब्द मी शाळेत ऐकले नव्हते. मी विचारलं, काका, नान-ए-शबीना म्हणजे काय?

"लिही. अर्थ हाकिमानं लावायचा असतो."

मी लिहिलं. एखादा नुक्ता चुकला की ते बोरूच्या मागच्या टोकानं माझ्या बोटांवर मारत. अगदी शेवटी, एका ओळीत, बगीचा आला. मग उम्रभर दुआ करत राहीन वगैरे. काकांनी कागद वाचला, बारीक रेती टाकून झटकला आणि स्वतःवर खूश होऊन म्हणाले की अशी दरख्वास्त सुभेदारासमोर ठेवली तरी चालेल. नान-ए-शबीना म्हणजे रात्रीची भाकर. रात्रीच्या भाकरीला मोताद असलेली, जिची विचारपूस करायला जगात कुणी नाही अशी पोर, असं त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतलं होतं, आणि त्यात त्यांना तसूभरही वावगं वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक अर्जीत हेच लिहिलं होतं आणि कुठल्याही हाकिमानं ते वाचलं नव्हतं. हाकिमाची नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाते. आजही मला कुठं अर्ज करायचा म्हटलं, पेन्शनचा असो की सोसायटीतल्या पाण्याचा, तर मी 'कृपया' लिहीत नाही. नळाला पाणी येत नाही, सोडा, एवढंच लिहिते. सेक्रेटरी मला उद्धट म्हातारी म्हणतो. म्हणेना का.

उस्तानीमाँ हाकिम नव्हती. तिला अर्ज्यांची सवय नव्हती म्हणून तिनं ती पहिल्या शब्दापासून वाचली. वाचताना माझ्याकडं एकदा पाहिलं, माझ्या हाडकुळ्या मनगटांकडं पाहिलं, आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला. बाकीच्या मुलींना वाफे मिळाले, माझं नाव घेतलं नाही. मी घरी येऊन परसात बसले आणि त्या खापरी नळाला लाथा घातल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी शाळेची आया, रहीमनबी, डोक्यावर मोठं टोपलं घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. तिला घर माहीत नव्हतं. म्हणून ती दर दाराशी थांबून, बेगमपुऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत आली: "अजी, वो फाके वाली पोट्टी का घर कौनसा है?" उपाशी पोरीचं घर कुठलं, म्हणून. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. माझं नाव सांगितल्यावर त्यांनी आमचं दार दाखवलं, आणि मग सगळ्याजणी मागोमाग आल्या, कारण अशी मजा रोज कुठं मिळते? टोपल्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, गुळाचा खडा आणि तेलाची बाटली. काकू दारात आडवी उभी राहिली, म्हणाली घेऊन जा परत. रहीमनबी म्हणाली, हुकूम आहे, परत नेलं तर उस्तानीमाँ मला घालवून देतील. तिनं टोपलं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. काकू ते आत घेईना, बाहेर टाकेना. टोपलं तिथंच राहिलं. कोंबड्या येऊन पीठ टिपू लागल्या, आणि शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, अगं झाका तरी, पोरीच्या तोंडचा घास हाय.

काका कचेरीतून आले तेव्हा ते टोपलं ओलांडून त्यांना घरात यावं लागलं. पुढचं थोडक्यात सांगते. माझी वेणी त्यांच्या मुठीत होती. ते म्हणाले मी अर्जीत बदल केला. मी म्हणाले तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. याला एक मुस्काटात. ते म्हणाले, खाल्ल्या घरचे वासे मोजते, कारटी. त्याला मी काही म्हणाले नाही तरी दुसरी बसलीच. उद्या शाळेत जाऊन नाव काढणार आणि त्या बाईला जाब विचारणार, असं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. माय चुलीपाशी बसून होती. काका बाहेर गेल्यावर तिनं माझ्या गालाला राख लावली, का ते देव जाणे, हाताशी तेवढीच होती. आणि हळूच म्हणाली, "उद्या विचारलं तर सांग, पोटभर मिळतंय म्हणून. आपल्याला इथंच ऱ्हायाचंय, बाई."

उस्तानीमाँ परद्यात असत. परका पुरुष भेटायला आला की दारावर बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक, सोडलेली. काका बाहेर ओसरीवर उभे, ती आत, आणि मी उंबऱ्यात, दोघांच्या मधे. काकांना समोरच्याचा चेहरा बघून बोलायची सवय. चिकेशी काय बोलणार? तरी त्यांनी सुरुवात झोकात केली. खानदान, इज्जत, तीस साल कचेरीत बसण्याचा मान. आतून पान चघळल्याचा आवाज येत राहिला. ते थांबले तेव्हा तिनं विचारलं, ही दरख्वास्त आप लिखवाए? काका छाती काढून म्हणाले, जी. तिनं कागदातली ती ओळ वाचून दाखवली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. शाळेची दारं उघडी होती. वर्गातल्या पोरी कान देऊन होत्या.

"इसमें का हाल सच है, मुन्शीजी, या झूट?"

"जी, ये तो दस्तूर है. अर्जी ऐसीच लिखी जाती."

"दस्तूर नइं पूछी मैं. सच पूछी."

काका पहिल्यांदा अडकले. खोटं म्हणावं तर सरकारी शाळेत खोटी अर्जी दाखल केल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं, आणि खोटी अर्जी लिहिणाऱ्याच्या पेटीपुढं उद्या कोण बसणार? खरं म्हणावं तर भावाची पोर घरात उपाशी ठेवली म्हणून सगळ्या बेगमपुऱ्यात तोंड काळं. त्यांनी घसा खाकरला, रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला. मला त्यांचा घामाचा वास येत होता. इतकं बरं मला त्या घरात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. मग चिकेमागून आवाज माझ्याकडं वळला. "तू बोल. घर में पेट भर के मिलता?"

काका माझ्याकडं बघत होते. मायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते म्हटलं असतं तर अर्जी खोटी ठरून फाटली असती, वाफा गेला असता, शाळा गेली असती, आणि घरी जाऊन मी गौऱ्या थापल्या असत्या. पण खरं सांगते, तेव्हा मी एवढा हिशेब केला नाही. मला फक्त राग आला होता. काकांचा आला होता, ज्यांनी माझी भूक नुसती शोभेला वापरली. मायचा आला होता, आणि त्या पान चघळणाऱ्या बाईचाही, जिनं माझी उपासमार गल्लीभर ओरडत फिरवली. मी मराठीत बोलले, कारण ते मला उर्दूत सांगताच आलं नसतं.

"सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर मिळतं. नाय उरलं तर नाय. मायला तर लई दिवस नायच मिळत."

वर्गातून कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. आत बोरू कागदावर कुरकुरला. चिकेखालून दरख्वास्त बाहेर सरकली. कोऱ्या अर्ध्या भागात एकच ओळ होती, मंजूर, लड़की को क्यारी दी जाए. क्यारी म्हणजे वाफा. आणि तिनं काकांना सांगितलं की मुन्शीजींनी लिहिलेलं खरं निघालं याचा आनंद आहे. आता ज्या दिवशी ही मुलगी शाळेत आली नाही, त्या दिवशी मी समजेन की ती भुकेनं पडली, आणि रहीमनबी टोपलं घेऊन निघेल. काकांनी चिकेला वाकून सलाम केला. सवयच तशी. रस्त्यानं ते माझ्या पुढं पुढं चालले, घर येईपर्यंत एकदाही मागं वळले नाहीत.

त्या संध्याकाळी काकूनं काकांच्याही आधी आम्हाला पानं घेतली. स्वैपाकघरात नाही, मधल्या घरात, जिथं पुरुष जेवायचे तिथं, रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून. दोन मोठ्या परातीएवढाली ताटं. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, कांदा, वर तूप. काका बाजेवर बसले. त्यांचे दोघे मुलगे दारात टेकून उभे राहिले, दात काढत. काकू कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर. "जेवा," ती म्हणाली. "चांगलं हाणा. मुन्शीच्या घरात काय मिळतंय ते बघू द्या लोकांला." बाहेर रस्त्यावर दोन-तीन बाया खरंच रेंगाळल्या होत्या. मी घास तोंडात घातला आणि तो तिथंच राहिला, खाली उतरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काकूला दिसतंय या विचारानं आणखीच यायला लागलं. मायनं पदर कपाळावर ओढला होता, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, आता ही उठणार. ताटाला नमस्कार करून, आम्हाला नको म्हणून उठणार, आणि मग माझं शाळेतलं बोलणं फुकट जाणार.

माय उठली नाही. तिनं भाकरी मोडली, वरणात कालवली आणि खाऊ लागली. घाई नाही, लाज नाही, मान वर नाही. भाजी संपवली. कांदा संपवला. वरणाची वाटी बोटानं पुसून घेतली. दारातल्या पोरांचं हसणं हळूहळू बंद पडलं. शेवटचा तुकडा ताटभर फिरवून तिनं तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि काकूकडं न बघता म्हणाली,

"अक्का, अजून एक वाढा."

काकूनं काकांकडं पाहिलं. दार उघडं होतं. काका बाहेर रेंगाळणाऱ्या बायांकडं बघत होते.

"अन् ही गार हाय," माय म्हणाली. "तव्यावरची द्या."

काकू चुलीकडं गेली.